बरोबर न्यायचा माणूस

म्हैस घ्यायची तर एक माणूस बरोबर लागतो. जुनी मोटारसायकल घ्यायची तर दुसरा. मुलगी बघायला जाताना तर जीपभर लागतात. ही सगळी मंडळी आपल्या चांगल्या ओळखीची आहेत. दुर्लक्षित राहिला तो पहिला गॅस कटिंग सेट घेताना बरोबर न्यायचा माणूस. कोल्हापूरचं उद्यमनगर, शिरोली, इचलकरंजी, सांगली, मिरज या पट्ट्यात कुणी शटर वर करून त्यावर ‘फॅब्रिकेशन वर्क्स’ लिहिलं, की हा माणूस शोधला जातो. शोधायला फार लांब जावं लागत नाही. त्याला सोयीसाठी आपण फिटरअण्णा म्हणू.

फिटरअण्णा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले असतात. उभी हयात मिल हाऊसमध्ये गेलेली. उसाच्या रोलरचं कवच तापवून, फुगवून शाफ्टवर चढवायचं आणि ते गार होऊन घट्ट बसेपर्यंत बिडी ओढायची नाही, हे त्यांच्या आयुष्यातलं मोठं तप. त्यामुळे अण्णांचं प्रत्येक वाक्य ‘कारखान्यात आम्ही’ इथून निघतं. घरी भाकरी करपली तरी, “कारखान्यात आम्ही एवढं थोरलं रोलर तापीवलं, कुठं डाग न्हाई पडला.” वहिनी या वाक्याकडे गेली कित्येक वर्षं लक्ष देत नाहीत. म्हणून अण्णांना बाहेरचा श्रोता लागतो, आणि तो आयटीआय पास होऊन, बँकेचं कर्ज मंजूर करून घेऊन स्वतःच्या पायांनी चालत येतो.

हा पोरगा मोबाईलवर बरंच बघून आलेला असतो. त्याला ‘चांगला, भारीतला’ सेट हवा असतो. अण्णा त्याला थेट दुकानात नेत नाहीत. आधी चहाच्या गाड्यावर नेतात आणि बशीत चहा ओतता ओतता विचारतात, “कापायचं काय?”

“सगळंच की, अण्णा.”

“आणि तापवायचं?”

“त्ये बी सगळंच.”

“स्टील कापणार?”

“व्हय.”

“मग कपाळ काप.”

इथे अण्णांमधला मास्तर जागा होतो. लोकांना वाटतं, ज्योतीनं लोखंड वितळतं आणि तुटतं. तसं नाही. गॅसनं लोखंड जळतं. ज्योतीचं काम फक्त एक ठिपका लालभडक करण्याचं, साधारण नऊशे अंशांच्या आसपास. मग लिव्हर दाबली की शुद्ध ऑक्सिजनची धार त्या ठिपक्यावर पडते आणि लोखंड स्वतःच सरपण होऊन पेटतं. त्याची राख, म्हणजे स्लॅग, लोखंडाआधी पातळ होते, म्हणून धार तिला खाली ढकलून देते आणि फट पडते. स्टीलच्या, म्हणजे स्टेनलेसच्या, अंगात क्रोमियम. त्याची साय धरते ती वितळतच नाही, मग धार बिचारी वरच्या वर नाचते. बिडाचं आणि ॲल्युमिनियमचंही जवळपास तेच. “म्हंजे तुझ्या ‘सगळंच’मधनं स्टील गेलं, बीड गेलं, ॲल्युमिनियम गेलं. ऱ्हायलं काय? एमएस, साधं लोखंड. मग तसं म्हण की.” चहा संपेपर्यंत पोराचा धंदा निम्म्यावर आलेला असतो.

दुकानात शिरायच्या आधी अजून एक वाद मिटवावा लागतो. आपल्याकडच्या कटिंगवाल्यांत दोन पंथ आहेत, डीएवाले आणि एलपीजीवाले. डीए म्हणजे मरून रंगाच्या सिलिंडरमधला ॲसिटिलीन. त्याची ज्योत तीन हजार अंशांच्या वर जाते, ठिपका चटकन लाल होतो, आणि वेळ आली तर त्याच गॅसवर वेल्डिंगही होतं. एलपीजीची ज्योत थोडी कमी तापते, आधी जरा वाट बघायला लावते, ऑक्सिजन जास्त पिते आणि वेल्डिंगला उपयोगी नाही. पण गॅस स्वस्त, कुठेही मिळतो. डीएवाला एलपीजीवाल्याला ‘स्वयंपाकी’ म्हणतो. एलपीजीवाला डीएवाल्याला काही म्हणत नाही, फक्त दोघांची बिलं शेजारी शेजारी ठेवतो.

अण्णा जन्मानं डीएवाले. कार्बाईडचा डबा, त्यात पडणारं पाणी, तो लसणासारखा वास आणि डब्याच्या बुडाशी उरणारा पांढरा चुना, यात त्यांची उमेदवारी गेली. ॲसिटिलीन नुसता दाबून भरता येत नाही, आपसूक स्फोट पावतो. म्हणून सिलिंडरमध्ये सच्छिद्र भराव घालतात, त्यात ॲसिटोन मुरवतात आणि त्या ॲसिटोनमध्ये गॅस विरघळवतात. हे ज्याच्यामुळे सुरक्षित झालं तो स्वीडनचा गुस्ताफ दालेन १९१२ साली ॲसिटिलीनच्याच स्फोटात आंधळा झाला, आणि त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं. ही गोष्ट अण्णा अशी सांगतात की दालेन मिल हाऊसलाच दुसऱ्या पाळीला होता.

आणि तरीही अण्णा पोराला एलपीजी घ्यायला सांगतात. माझा या जातीच्या माणसांवर विश्वास आहे तो इथे. आपला पंथ ते स्वतःपुरता ठेवतात. कारण ‘तापवायचं काय’ याचं उत्तर एव्हाना पोरानं दिलेलं असतं. उसाच्या ट्रॉलीची वाकलेली चॅसी, जाड पट्ट्या वाकवणं, गंजून बसलेले बेअरिंग. म्हणजे मोठं, अनेक भोकांचं हीटिंग नोझल. ते नोझल गॅस ढोसतं. डीएच्या एका सिलिंडरमधून तासाला सातव्या हिश्श्याहून जास्त गॅस ओढायचा नसतो. ओढला तर गॅसबरोबर ॲसिटोन बाहेर यायला लागतं आणि ज्योत बिघडते. मग एकाला एक जोडून दोन-तीन सिलिंडर लावा, त्यांची अनामत भरा, वर भाडं. “पावणा आणि सिलिंडर,” अण्णा म्हणतात, “दोन्ही गरजेपेक्षा जास्त दिवस ठिवले की भाडं आपल्यालाच पडतंय.”

पोराला एक शंका असते. घरच्या लाल टाकीचा रेग्युलेटर चालेल का? अण्णा उत्तर देत नाहीत. चहावाल्याला मात्र सांगतात, “याचं बँकेचं कर्ज परत घ्यायला लाव.” घरगुती टाकी धंद्याला वापरणं गुन्हा आहेच, पण तो रेग्युलेटर जेवढा दाब देतो त्यावर फक्त दूधच तापतं. इथे १९ किलोची व्यापारी टाकी, दाब कमीजास्त करता येणारा एलपीजीचा रेग्युलेटर आणि एलपीजीलाच चालणारी नळी लागते. डीएची नळी एलपीजीनं आतून खराब होते. कटर तोच चालतो, नोझल बदलायचं.

मग दुकान. अण्णा आत आले की शेठ पंखा वाढवतात. भीतीनं नव्हे, लवकर वाळून बाहेर पडावेत म्हणून. अण्णा खोका उघडायला लावतात. मीटरवर कंपनीचं नाव बघत नाहीत, काटा शून्यावर बसतो का ते बघतात. कटर कानाशी धरून वाल्व फिरवतात. नोझल उजेडाकडे धरून आरपार बघतात, जसं काही पलीकडे पंढरपूर दिसणार आहे. इंधनाच्या बाजूचे आटे उलटे, डावे, आणि त्या नटावर खाचा, हे पोराच्या बोटांना तिथेच शिकवतात, “अंधारात बी चूक न्हाई व्हायची.” नोझलही फार घेऊ देत नाहीत. पातळ पत्र्याला एक, जाड प्लेटला एक, हीटिंगला एक. शेठ बारा नोझलांचा संच पुढे सरकवतात. अण्णा तो तेवढ्याच प्रेमानं मागे सरकवतात.

एकदा शेठच्या नव्या नोकरानं ऑक्सिजनच्या रेग्युलेटरचा आटा सुळकन जावा म्हणून बोटभर ग्रीस लावलं. मला अण्णांचा चेहरा तसा पुन्हा बघायचा नाही. ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्ये दीडशे किलोचा दाब असतो (चौरस सेंटीमीटरला, पण बाजारात तेवढं कोण म्हणतंय). त्या दाबाखाली तेल आणि ग्रीस ठिणगीवाचूनही पेट घेतात. अण्णांनी तो रेग्युलेटर बाजूला ठेवायला लावला, नोकराचे हात साबणानं धुऊन घेतले आणि नागपूरच्या स्फोटक-सुरक्षा कार्यालयाचं नाव असं घेतलं की शेठनी आपण होऊन बाकीच्या मालाला दहा टक्के सूट दिली.

खरी लढाई शेवटी होते, फ्लॅशबॅक अरेस्टरवरून. ज्योत उलटून नळीतून सिलिंडरकडे निघाली तर तिला वाटेत अडवणारं हे पितळी बोंडुक. अण्णांचा आग्रह असतो, दोन्ही रेग्युलेटरला एकेक आणि कटरच्या बाजूला दोन नॉन-रिटर्न वाल्व. शेठ म्हणतात, “अण्णा, हे कुणी घेत नाही.” पोरगा म्हणतो, “अण्णा, बजेट संपलं.”

“कशात संपलं?”

पोरगा खाली बघतो. मग कळतं, उद्घाटनाच्या फ्लेक्सची ऑर्डर देऊन झाली आहे. वीस फुटी. वर देव, खाली आमदार, मध्ये पोरगा गॉगल लावून, आणि दोन्ही बाजूंना शुभेच्छुकांची माळ.

अण्णा तिथल्या तिथे फ्लेक्सवाल्याला फोन लावायला लावतात. वीसचा दहा फुटी करून घेतात. आमदार राहतात, कारण ते काढले तर पुढं शेड पाडायला माणूस येईल. शुभेच्छुक निम्मे जातात. उरलेल्या पैशांत चारही नग बिलावर चढतात आणि अण्णा स्वतः बिलावर बोट ठेवून ते मोजतात.

पोरगा जरा घुटमळून म्हणतो, “अण्णा, एक जागा शिल्लक हाय फ्लेक्सवर. ‘मार्गदर्शक’ म्हणून तुमचा फोटो टाकू?”

“छ्या! मला काय हौस?” अण्णा शर्टाची कॉलर नीट करतात. “आणि टाकणार असशीलच, तर फेट्यातला घे. रिटायर झालो त्या दिशीचा. घरी वहिनीकडं माग, मी म्हणालो असं सांगू नगंस.”