मायकोचा कान

मायकोतून रिटायर झालेले एक नाना तुमच्याही सोसायटीत असतील. नसतील, तर तुमची सोसायटी नाशिकमध्ये नाही. २००८ साली कंपनीचं नाव बदलून बॉश झालं, गेटवरची पाटी बदलली. पण त्र्यंबक रोडवरचं मायको सर्कल मायको सर्कलच राहिलं आणि नानाही मायकोचेच राहिले.

नानांचा कान मशीनचा आहे. माणसांचं ते फारसं ऐकत नाहीत. पण गाडी गेटातून आत वळली रे वळली, की बाल्कनीतून हाक येते, "थांब! काच खाली घे." मग चपला सरकवून ते खाली येतात आणि शेजारच्या सीटवर बसतात. एसी बंद. गाणी बंद. मागे मुलं असतील तर तीही बंद. डोळे मिटून ऐकणं होतं आणि निकाल लागतो: टॅपेट. माउंटिंग. बेअरिंग. आपण विचारायचं, "कधी गेलं?" त्यांनी म्हणायचं, "जाणारच होतं."

शेजारच्या मुलीच्या पाठवणीला गाडी झेंडूने मढवून उभी होती. नवरा-नवरी आत, मुलीची आई रडायच्या बेतात. नानांनी ड्रायव्हरला काच खाली घ्यायला लावली आणि बँड थांबवला. चांगला वाजत असलेला बँड! "फॅनबेल्ट. मालेगावपर्यंत जायचं म्हणता?" नवरदेवाने संसारातला पहिला निर्णय घेतला आणि मामाच्या गाडीतून बायको घरी नेली. त्यानंतर पंचवटीच्या अमरधामला निघताना शववाहिकेच्या ड्रायव्हरलाही तेच, "काच खाली घे." क्लचप्लेट संपत आली होती म्हणे, येताना चढाला त्रास देणार होती. हे ऐकून परतणाऱ्या सगळ्यांचे चेहरे पडले. ज्यांना परतायचं नव्हतं ते तेवढे निवांत होते.

अशा माणसाच्या तावडीत माझी सीव्हीटी गाडी सापडली.

गाडी सेकंडहँड, ऑटोमॅटिक. द्वारका सर्कलला सिग्नल सुटला की सुरुवातीलाच थरथरायची. कसारा घाट चढताना तर इंजिन चार हजारांवर बोंबलतंय आणि स्पीडचा काटा चाळिशीत रमलाय, मागून ट्रकवाले हॉर्न मारताहेत, असा प्रकार. नाना बसले. काच खाली झाली. गंगापूर रोडवर एक फेरी झाली. डोळे मिटलेलेच.

"गिअर कधी टाकतोय हा?"

"टाकतच नाही, नाना. यात गिअर नसतातच."

"म्हणजे गेलेच म्हण की."

मी समजावून सांगितलं. आत दोन पुल्या असतात आणि त्यांच्यामध्ये एक पट्टा. पुल्यांच्या बाजू जवळ-लांब होतात, पट्टा त्यांच्यात वर-खाली सरकतो, त्यामुळे पहिला-दुसरा असे टप्पेच राहत नाहीत. तुमच्या कायनेटिक होंडात हेच होतं की! नाना दुखावले. कायनेटिक होंडावर ते बारा-पंधरा वर्षं कंपनीत गेले होते, पण तिच्या पोटात काय आहे हे त्यांना दुसऱ्याने सांगावं, हे बसेना. "स्कूटरचा पट्टा मोटारीला? अरे, पिठाची गिरणी आहे का ती?" त्या दिवसापासून माझी गाडी सोसायटीत 'गिरणी' झाली.

सर्व्हिस सेंटरने लॅपटॉप जोडला. लॅपटॉपने तेलाच्या दाबाचा कोड दाखवला आणि समोरच्या मुलाने कोटेशन दाखवलं: गिअरबॉक्सची अख्खी असेंब्ली बदला, एक लाख ऐंशी हजार. उघडून बघणार का, असं विचारलं तर म्हणाला, "सर, आम्ही उघडत नाही." वर्कशॉप म्हणायचं आणि उघडायचं काही नाही!

रात्री चिडून वाचत बसलो, तेव्हा नानांसाठी एक अस्त्र हाती लागलं. पट्ट्यावर चालणारी पहिली यशस्वी मोटार हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली आणली. हुब फान डोर्न या माणसाची ती करामत. तेव्हा पट्टा रबराचा होता. पुढे त्याच मंडळींनी तो पोलादी केला. शेकडो पातळ पोलादी चकत्या, पोलादाच्याच पट्ट्यांवर ओवलेल्या. आणि गंमत म्हणजे हा पट्टा ओढत नाही, ढकलतो. प्रत्येक चकती पुढच्या चकतीला रेटते, सोसायटीच्या कमिटीसारखी. तर हा पट्टा बनवणारी कंपनी १९९५ साली विकत घेतली, कोणी? बॉशने.

सकाळी नानांना एवढंच म्हटलं, "नाना, हा पट्टा मायकोच्या घरचा आहे."

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग पट्टा जाणं शक्यच नाही."

गिरणी हा शब्द त्या दिवसापासून बंद झाला. माझ्या गाडीत तो पट्टा नक्की कोणाचा आहे, हे विचारायची नानांना गरज वाटली नाही. घरच्या माणसावर आळ आल्यासारखे ते सर्व्हिस सेंटरला आले. तिथल्या मुलाला लॅपटॉप बाजूला ठेवायला लावला, काच खाली घ्यायला लावली आणि विचारलं, "तेल कधी बदललंय?" रेकॉर्डमध्ये नोंदच नव्हती. पहिल्या मालकाने ऐंशी हजार किलोमीटर त्याच तेलावर काढले होते.

मग अंबडच्या एका गॅरेजात तेल काढलं. नानांनी ते पांढऱ्या रुमालावर घेतलं, दोन बोटांत चोळलं, हुंगलं. काळं, करपलेलं, पण किसासारखे पोलादाचे कण नव्हते. पट्टा घसरून पुल्यांवर चरे पडले असते, तर मायकोच काय, गोदामाईनेही काही केलं नसतं. इथे दोष तेलाचा होता. सीव्हीटीचं तेल साध्या गिअरच्या तेलापेक्षा वेगळं: त्याने पोलाद झिजू द्यायचं नाही आणि घसरूही द्यायचं नाही. योग्य तेल, नवा फिल्टर, व्हॉल्व्हबॉडीची सफाई. कोटेशनच्या दहाव्या हिश्श्यात काम झालं. थरथर गेली. चढाला बारीक रडण्याचा आवाज अजून येतो. "रडू दे," नाना म्हणतात, "पट्टा शाबूत आहे."

एवढं ऐकायला शिकलात कुठे, असं परतताना विचारलं, तेव्हा ते पहिल्यांदाच मशीन सोडून स्वतःबद्दल बोलले. सातपूरच्या कारखान्यात ते डिझेलचे नोझल तपासायचे. हातपंपाने दाब द्यायचा आणि कान लावायचा. चांगला नोझल फवारताना कुरकुरतो. जो कुरकुरत नाही, नुसता गळतो, तो रिजेक्ट. तीस वर्षं दिवसभर कुरकूर ऐकायची आणि पास करायचं. नानी हे ऐकून म्हणाल्या, "म्हणूनच मला पास केलं असणार."

आता तसले नोझल हातपंपावर फारसं कोणी ऐकत नाही. मारुतीने तर एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्याच बंद केल्या. गेल्या महिन्यात आमच्या सेक्रेटरींनी इलेक्ट्रिक गाडी आणली आणि पेढे घेऊन स्वतःहून नानांना खाली बोलावलं. नाना बसले. काच खाली झाली. गाडी सोसायटीला फेरी मारून आली. नानांनी डोळे उघडले, एक पेढा घेतला आणि म्हणाले, "चांगली आहे." नाना एखाद्या गाडीला चांगली म्हणाले, हे आम्ही कधी ऐकलं नव्हतं. जिना चढताना ते मध्येच थांबलेही.

माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या दारात हल्ली काहीतरी खडखडतं. अंबडचा पोरगा म्हणाला, "आतली क्लिप तुटलीये, वीस रुपयांचं काम आहे, लगेच लावून देतो." मी राहू दे म्हटलं. नानांनी आतापर्यंत शॉकअब्सॉर्बर, सायलेन्सर आणि मागचं ब्रेकड्रम यांच्यावर ठपका ठेवून झालाय. दाराकडे ते अजून वळलेले नाहीत, आणि मीही काही सुचवणार नाही.