कुरडया काढा म्हणे!

अहो वहिनी, या की जरा भिंतीपाशी, तिथून ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नाही ही. कोपऱ्यावरच्या अंकलनी घर विकायला काढलंय, ते तुम्हाला ठाऊक आहेच. पण त्यांचा ब्रोकर माझ्या दारात येऊन गेला, ते नाही ना ठाऊक? हात जोडून म्हणतो, "मेडम, रविवारी पार्टी येतेय, भिंतीवरचं तेवढं काढाल का?" भिंतीवरचं म्हणजे काय, तर माझ्या कुरडया! घर विकणार ते आणि वाळवण आवरायचं मी!

संक्रांतीपासून रंगारी ठाण मांडून बसलेत तिथं. पुट्टी काय, रंग काय, गेटला पॉलिश काय. आंटींनी शोकेस रिकामं केलं, लग्नातले फोटो उतरवले, सुनेची व्यायामाची सायकल माझ्या पार्किंगमध्ये आणून ठेवली, ती अजून तिथंच आहे. गच्चीवरचा तो दृष्टी गोंबे आठवतो? मिशाळ राक्षसाचा मुखवटा हो. तोही काढायला लावला, बाहेरगावची माणसं दचकतात म्हणून. आंटींचा जीव खालीवर! शेवटी तो पाण्याच्या टाकीमागे लपवला. आता नजर लागणार नाही ती फक्त टाकीला.

ब्रोकर मात्र पक्का हो. घर दाखवणार ते रविवारी सकाळी सातला. संध्याकाळी बोलावलं तर गिऱ्हाईक होप फार्मच्या सिग्नलवरच गळायचं. वर सांगतो काय, "सर, हेरिटेज एरिया आहे, १८८२ ची वसाहत!" ती गोष्ट खोटी नाही. म्हैसूरच्या चामराज वडियार महाराजांनी अँग्लो-इंडियन लोकांना ३,९०० एकर जमीन दिली आणि डी. एस. व्हाइट नावाच्या गृहस्थाच्या नावावरून आपलं व्हाइटफील्ड झालं. पण ते जुने बंगले इनर सर्कलला. आपल्या गल्लीचा त्यांच्याशी काय संबंध? इथं वीस-पंचवीस वर्षांपूर्वी नाचणीची शेतं होती म्हणतात. मेट्रोचं सांगतो ते तरी खरं. मार्च २०२३ मध्ये कडुगोडी ते के. आर. पुरम सुरू झाली, त्याच वर्षी ऑक्टोबरात मधला तुकडा जोडला, आता सरळ मॅजेस्टिकला जाता येतं.

पण घर घेणारे काय वेडे असतात होय? पहिली जोडी आली, तिनं आधी मोबाइलवर दिशा पाहिल्या. दुसऱ्यांच्या सासूबाई कपाटामागे हात घालून भिंत चाचपत होत्या. नवा रंग एकाच भिंतीला दिसला की माणूस ओल शोधणारच ना! तिसरी बाई तर पोलिसातच जायला हवी होती. मॉड्युलर किचनकडे ढुंकून पाहिलं नाही. थेट न्हाणीघरात गेली, शॉवरची जाळी फिरवून काढली आणि नखानं खरवडली. पांढऱ्या क्षाराची ढलपी हातात! आंटींनी लिंबू लावून नळ लखलखीत केले होते, जाळीच्या आतलं कोण बघतंय म्हणून तसंच ठेवलं. बोअरचं जड पाणी, ते आपलं काम चोख करतंच.

तीच बाई मंगळवारी संध्याकाळी एकटी परत आली. ब्रोकरला न सांगता. मी कुरडया गोळा करत होते. (काढल्या नव्हत्याच मी, उगाच का काढू?) ती भिंतीपाशी थबकली आणि म्हणाली, "काकू, गव्हाच्या ना?" अकोल्याची निघाली हो! मग काय, चहा झाला. दुसऱ्याच घोटाला विचारलं, "पाण्याचं खरं सांगा."

तुम्हीच सांगा, खोटं बोलवलं असतं का? २०२४ चा मार्च आपण काढलाय. बोअर कोरडी, जमिनीखालच्या टाकीत खडखडाट, टँकरवाला मागेल तो भाव. शेवटी प्रशासनानं दर बांधून दिले, ५ किलोमीटरच्या आत १२ हजार लिटरला १ हजार रुपये. तेव्हा आंटी आणि मी रात्री अकराला नळी धरून टँकरखाली उभ्या होतो. सगळं सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, ११० खेड्यांसाठी रोजचं ७७.५ कोटी लिटर, तेही सांगितलं. पण उन्हाळ्यात टँकरचा नंबर जवळ ठेवा म्हटलं.

एवढं ऐकूनही तिला घर हवंच आहे! म्हणाली, पाणी व्हाइटफील्डभर असंच, निदान इथं शेजारी खरं बोलतात. अडलंय ते कागदावर. ऑक्टोबर २०२४ पासून ई-खात्याशिवाय, म्हणजे मालमत्तेच्या त्या ऑनलाइन उताऱ्याशिवाय, नोंदणीच होत नाही, आणि अंकलकडे काय, तर पिवळी पडलेली ए-खात्याची प्रत, प्लास्टिकच्या पिशवीत. खरेदीखतात नाव एका स्पेलिंगचं, आधारवर दुसऱ्याच. शिवाय बीबीएमपी, अख्ख्या बंगळुरूची एकच महापालिका होती ती, गेली, सप्टेंबर २०२५ मध्ये पाच पालिका झाल्या, आपण पूर्व पालिकेत आलो. रंगाऱ्याला एवढे पैसे ओतले, त्याच्या चौथाईत कागद दुरुस्त करून घेणारा माणूस मिळाला असता. आता अकोलेकरीणबाई म्हणते, ई-खातं हातात येईपर्यंत टोकन नाही, आणि नोंदणी फी १ टक्क्याची २ टक्के झालीय, तेवढं भावात धरा. बरोबरच आहे तिचं.

आंटी माझ्याशी बोलत नाहीयेत चार दिवस. माझ्यामुळे भाव पडला म्हणतात. पडला तर पडला. गिऱ्हाईक टिकलं ते कुणामुळे, ते नाही बोलत! सायकल मात्र न्यायला पाठवत नाहीत.

बरं, तुम्हाला एक विचारू? रागावू नका. परवा तुमचे हे फोनवर पुण्यातल्या फ्लॅटचं बोलत होते, ऐकू आलं म्हणून म्हणते. तसं काही असेल तर रंगारी नंतर बोलवा, आधी ई-खातं बघा. आणि मागच्या भिंतीची ती ओल, कृष्णकमळाच्या वेलाखाली झाकलीय ती, माझ्या स्वयंपाकघरातून स्वच्छ दिसते बरं का.