पराभवोत्तर आचारसंहिता : ज्युनियर हॉकीच्या नवख्या चाहत्यांसाठी

दारातला बर्फ कसा उपसावा आणि हिवाळी टायर कधी लावावेत, हे कॅनडात नव्याने आलेल्या माणसाला कोणीही सांगतं. पण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोरांचा हॉकी संघ हरला की शोक कसा करावा, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मग नवखा मराठी माणूस ऑफिसात "अहो, पोरंच ती, चालायचंच" असं काहीतरी बोलून बसतो आणि मार्चपर्यंत त्याला कोणी कॉफीला विचारत नाही. ही उणीव दूर व्हावी, एवढाच प्रस्तुत लेखनाचा हेतू.

यातलं सारं ज्ञान आमच्या दाजींकडून उचललेलं आहे. दाजी मूळचे कोल्हापूरचे. पेठापेठांच्या फुटबॉलवर पोसलेला पिंड. शाहू स्टेडियमवरून हरून घरी कसं परतायचं, याचं शिक्षण त्यांना मिसरूड फुटण्याआधीच मिळालेलं. मिसिसागाला आल्यावर चेंडूच्या जागी पक आला, इतकाच काय तो बदल.

सूचना पहिली, तिथीची. वीस वर्षांखालच्या मुलांची आइस हॉकीची जागतिक स्पर्धा बहुधा २६ डिसेंबरला सुरू होते. उपउपांत्य सामने येतात २ जानेवारीला, आणि कॅनडाला लवकर बाद व्हायचं असलं की तो हाच मुहूर्त धरतो. २०१६, हेलसिंकी, फिनलंडकडून. २०१९, व्हँकुव्हर, पुन्हा फिनलंडकडून. २०२४, गोथेनबर्ग, चेकियाकडून. २०२५, खुद्द राजधानी ओटावात, पुन्हा चेकियाकडून. चारही वेळा २ जानेवारी. माझ्या ताईचा वाढदिवस नेमका याच दिवशी असतो. घरात तो सहा तारखेला करतात, कारण तोवर अंतिम सामना उरकलेला असतो. २०२६ साली संघानं दोन तारीख सुखरूप ओलांडली, त्यामुळे ताईला पुष्कळ वर्षांनी वेळेवर केक मिळाला. मग उपांत्य फेरीत चेकियानंच हरवलं.

शोक मुदतीआधी सुरू करू नये. पण अपशकुन मात्र नोंदवून ठेवावेत. ज्या लॅटव्हियाला आदल्या वर्षी १०-० असं लोळवलं, त्याच लॅटव्हियानं २७ डिसेंबर २०२४ ला ओटावात आपल्याला शूटआउटमध्ये पाडलं. दाजींनी त्या रात्री फक्त "हं" केलं. पुढे बाद झाल्यावर त्याच "हं"च्या जोरावर ते "मी तेव्हाच म्हणालो होतो" म्हणायला मोकळे झाले.

तिसरा पिरियड संपेपर्यंत घरात गोडाचा डबा उघडू नये. २०११ चा अंतिम सामना बफेलोत होता. बफेलो म्हणजे सीमेपलीकडचं गाव, त्यामुळे स्टेडियम आपल्याच माणसांनी भरलेलं. दोन पिरियडनंतर कॅनडा ३, रशिया ०. दाजींनी पेढे वाटले. रशियानं शेवटच्या वीस मिनिटांत पाच गोल केले.

आता कारणमीमांसा. हा या शास्त्राचा गाभा, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कारणं ठरलेल्या क्रमानंच द्यावीत. क्रम चुकला की माणूस नवखा आहे हे कळतं. पहिला मान निवड समितीचा. ज्यांना घेतलं नाही ते सारे अवतारी पुरुष होते, असं धरून चालावं. २०२५ च्या संघात पारेख, मिसा आणि सेनेकी ही गोल करणारी पोरं नव्हती. ही तीन नावं त्या आठवड्यात दाजींनी इतक्या वेळा घेतली की भाच्याला ती नातेवाइकांचीच वाटू लागली. दुसरा मान एनएचएलचा. आपली सगळ्यात चांगली पोरं अठराव्या वर्षीच व्यावसायिक संघांत जातात आणि क्लब त्यांना डिसेंबरात सहसा सोडत नाहीत. बेडार्ड आणि सेलेब्रिनी वयात बसत होते, पण कामावर होते. तिसरं कारण मैदानाचं. युरोपातलं बर्फाचं मैदान परंपरेनं ३० मीटर रुंद, इकडचं २६. चार मीटर जास्त म्हणजे अंगावर जाऊन भिडायला अंतर जास्त, आणि अंगावर जाणं हेच तर आपलं बलस्थान. युक्तिवाद खरोखर बरा आहे. पण ओटावात हरल्यावर तो वापरता येत नाही, कारण बर्फ आपलाच असतो. चौथा क्रमांक पंचांचा. इथे चाहत्यानं थोडा अभ्यास करून यावं. एनएचएलमध्ये ज्या धडकेवर लोक टाळ्या वाजवतात, तिच्यासाठी या स्पर्धेत मुलगा सरळ बाहेर जाऊ शकतो. डोक्याला धक्का लागला की पंच दयामाया दाखवत नाहीत. हे आपल्या पोरांना दर वर्षी सांगतात आणि ती दर वर्षी पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन बसतात. ओटावात शेवटचा पिरियड संपत आला असताना आपण ३-३ अशी बरोबरी केली होती. मग पेनल्टी आली, आणि जेमतेम चाळीस सेकंद उरले असताना चेकियाच्या येखोनं पॉवर प्लेवर गोल घातला. मी दाजींच्या शेजारीच बसलो होतो. त्यांनी हातातला पॉपकॉर्नचा भला मोठा पुडा डावीकडच्या अनोळखी गृहस्थाच्या मांडीवर ठेवला आणि ते उभेच राहिले. त्या गृहस्थानंही तो निमूटपणे धरून ठेवला. अशा वेळी कोणी कोणाला काही विचारायचं नसतं.

पाचवं कारण गोली. ते नेहमीच असतं.

"पूर्वीची पोरं अशी नव्हती" हे वाक्य निदान एकदा म्हणायचं असतं. समोरच्यानं १९९८ काढलं तर मात्र विषय बदलावा. त्या साली फिनलंडमध्ये कॅनडा कझाकस्तानकडूनही हरला आणि आठवा आला. १९८७ तर काढूच नये. तेव्हा पिएश्तानीला सोव्हिएत पोरांशी अशी जुंपली की आयोजकांनी दिवे घालवले. अंधारातही मारामारी चालूच राहिली आणि दोन्ही संघांना स्पर्धेबाहेर काढलं. दाजींच्या मते तो सुवर्णकाळ होता.

चेकियाचा उल्लेख "ते" असा करावा. २०१९ पर्यंत "ते" म्हणजे फिनलंड होते.

आता एक अवघड सूचना, जी दाजी पाळत नाहीत. ज्याच्याकडून चूक झाली त्या पोराचं नाव घेऊ नये. २०१९ ला ओव्हरटाइममध्ये आमच्या एका बचावपटूसमोर गोल रिकामा होता, अख्खा. त्यानं फटका मारला आणि काठीच तुटली. लगेच फिनलंडनं दुसऱ्या टोकाला जाऊन सामना संपवला. त्याआधी, त्याच ओव्हरटाइममध्ये, कर्णधाराचा पेनल्टी शॉट हुकला होता. तो कर्णधार पोरगा एकोणीस वर्षांचा, आणि दुखावलेल्या खांद्यानं खेळत होता हे नंतर कळलं. त्याच्या फोनवर मोठ्या माणसांनी काय काय लिहून पाठवलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. २०२४ चा शेवटचा गोल, बारा सेकंद उरले असताना, आपल्याच एका मुलाला लागून आत गेला. त्यात त्यानं काय करायला हवं होतं? अदृश्य व्हायला हवं होतं?

दाजींना हे सांगितलं की ते म्हणतात, "तुला खेळातलं कळत नाही." असेलही. पण ही पोरं पंधराव्या-सोळाव्या वर्षी घर सोडतात, कुठल्या तरी परगावच्या संघात जातात आणि तिथल्या एखाद्या कुटुंबात राहतात. अशा कुटुंबाला इकडे बिलेट म्हणतात. आपल्याकडे वार लावून जेवणारी पोरं असायची, तशातलाच प्रकार. माझा भाचा अजून त्या वयाला पोचलेला नाही. शनिवारी पहाटे पाच वाजता दाजी त्याला थर्मासातला चहा आणि थालीपीठ देऊन अरीनात नेतात, आणि त्यानं पास हुकवला तर परतताना गाडीत अवाक्षर काढत नाहीत. स्वतःच्या पोराला जी सवलत आहे ती देशाच्या पोरांना का नाही, हे मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "देशाच्या पोरांचे बूट ह्यांनी घेतलेत होय?"

शेवटचा मुद्दा उरलेल्या तिकिटांचा. यजमान देशात पॅकेज घेतलं असेल तर आपला संघ नसतानाही उपांत्य आणि अंतिम सामने बघावे लागतात, कारण पैसे कोणी परत देत नाही. अशा वेळी ज्यांनी आपल्याला हरवलं त्यांच्या बाजूनं ओरडावं. ते जिंकले तर "आपण विजेत्याकडून हरलो" असं म्हणता येतं. २०२५ ला आम्ही तसंच केलं, आणि चेकिया उपांत्य फेरीत अमेरिकेकडून ४-१ हरला. मग अंतिम सामन्यात फिनलंडच्या बाजूनं ओरडलो, निव्वळ अमेरिका जिंकू नये म्हणून. फिनलंड ३-१ असा पुढे होता. ओव्हरटाइममध्ये ४-३ नं हरला. परतीला गाडी मी चालवत होतो आणि दाजी फिनलंडच्या प्रशिक्षकाच्या चुका मोजत होते. किंग्स्टनपर्यंत पुरल्या.