बेटावर पाडलेला उजेड

पुण्यात बाणेर-बालेवाडीकडे नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की पूर्वी लोक विचारायचे, वास्तुशांत कधी? आता विचारतात, आयलंडवर काय टांगताय?

ज्यांचा ओटा अजून भिंतीलाच टेकून उभा आहे अशा मागास वाचकांसाठी खुलासा: आयलंड म्हणजे स्वयंपाकघराच्या मधोमध सुटा उभा केलेला ओटा. अमेरिकेतल्या मोठाल्या घरांतून तो आपल्याकडे आला. घर मात्र तिकडेच राहिलं. चार बाय दोन फुटांचा ओटा मध्ये ठेवून भोवती माणसाला फिरायला तीन-तीन फूट सोडले, तर दहा बाय आठ फूट जागा नुसती प्रदक्षिणेत जाते. गॅस, सिंक आणि फ्रिज यात धरलेले नाहीत. आपल्याकडे पुष्कळदा अख्खं स्वयंपाकघरच तेवढं असतं. मग कोरडी बाल्कनी आत घेतली जाते, फ्रिजला हॉलमध्ये हाकललं जातं आणि बेट वसतं. बेट वसलं की दीपस्तंभ आलाच. तोही उलटा, वरून लोंबणारा, आणि एक नव्हे तर तीन.

तीनच का? तर विषम आकडा डोळ्यांना बरा वाटतो, असं इंटिरिअर डिझायनर बाई सांगतात. एरवी तीन तिगाडा म्हणून तिघांना एका कामाला बाहेर पाठवायला तयार नसलेलं घर इथे निमूट मान डोलावतं.

उंचीचाही नियम आहे. ओट्याच्या पृष्ठभागापासून दिव्याच्या तळापर्यंत 30 ते 36 इंच. ओटा 34 इंच धरा, वर 32 इंच सोडा, की दिव्याचा तळ जमिनीपासून बरोबर साडेपाच फुटांवर येतो. घरातले सहा फुटी चिरंजीव मग ओट्यापलीकडच्या माणसाशी कमरेत वाकून बोलतात आणि पाच फुटी सासूबाईंनी मान वर केली की आतला बल्ब थेट त्यांच्या डोळ्यांत. नियम बरोबरच आहे, घरातली माणसं चुकीच्या मापाची आहेत.

एका घरी या उंचीची तालीम चालली होती ती मी पाहिली. दिवे यायचे होते, म्हणून दोरीला तीन फुगे बांधून छताला सेलोटेपने चिकटवले होते. यजमान घोड्यावर चढलेले, वहिनी खाली टेप धरून. "जरा खाली घे. अजून. नको, वर. आता डावीकडचा वर." न्यू जर्सीची नणंद व्हिडिओ कॉलवर होती. तिने सांगितलं, "वहिनी, आमच्याकडे याहून खाली असतात." तिच्या घराच्या छताची उंची कोणी विचारली नाही. तेवढ्यात धाकट्याने मधला फुगा फोडला. दोनच उरले तेव्हा खरं तर सगळ्यांनाच मोकळं वाटलं, चेहऱ्यावर दिसलंही तसं; पण बोलणार कोण? नवा फुगा फुगवला गेला. या सगळ्या वेळात स्वयंपाकाच्या मावशी तीन फुटांवर, सगळ्यांकडे पाठ करून पोळ्या लाटत होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही.

मग खरेदी. खाली विजेच्या सामानाची तपकीर गल्ली आहे, वर शोरूम आहेत, आणि वेताच्या दिव्यांची दोन्हीकडे चलती आहे. टोपली उलटी करायची, बुडाला भोक पाडून आत होल्डर बसवायचा, झाला दिवा. बुरूड आळीत हीच टोपली सुलटी मिळते तेव्हा वीस रुपयांसाठी हुज्जत घालणारी माणसं उलट्या टोपलीसमोर आदबीने कार्ड पुढे करतात.

पितळेची गोष्ट आणखी मजेची आहे. लंडनच्या टॉम डिक्सनने आपल्याकडची पितळी भांडी आणि पाण्याच्या घागरी पाहून 'बीट' नावाचे दिवे काढले. बाहेरून काळे, आतून सोनेरी, आणि आतल्या पत्र्यावर हातोडीचे ठोके मोजून घ्यावेत इतके स्वच्छ. ते मुरादाबादचे कारागीर हाताने ठोकून घडवतात. म्हणजे घाट आपला, हात आपला, आणि माल लंडनचा. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथे आजही तांब्यावर मठारकाम चालतं. पण ठोके दिसणारं भांडं घरात असणं हे आजीच्या काळचं. ताबा मिळाल्यावर माळ्यावरचे हंडे आणि घंगाळं किलोवर मोडीत गेली. आलेल्या पैशांत एका दिव्याची वायर बसली म्हणतात.

ज्यांना ना वेत हवा ना पितळ, त्यांच्यासाठी एडिसन बल्ब. एडिसनने 1879 साली कार्बनचा तंतू पेटता ठेवून दाखवला. त्याचा उजेड तांबूस आणि बेताचा होता. तो पांढरा आणि लख्ख कसा होईल यात पुढच्या पिढ्यांनी आयुष्यं घालवली. आता तोच बेताचा उजेड एलईडीतून मुद्दाम तयार करून, काचेला मधाचा रंग देऊन, 4 वॉटमध्ये जास्त पैशांना मिळतो. त्यात फोटो सुरेख येतो. तांदळातला खडा दिसत नाही, पण तांदूळ हल्ली निवडलेलेच येतात, असं उत्तर तयार असतं. शिवाय या दिव्यांना बल्ब लागतो आट्यांचा, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात असतो पिनचा. रविवारी रात्री मधला दिवा गेला की मंगळवारपर्यंत दोनच. विषम आकड्याचं काय ते दोन दिवस डोळ्यांनी सोसायचं.

उजेडाच्या रंगावरून मात्र खरी घरफोडी होते. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 2700 म्हणजे पिवळसर, 4000 म्हणजे मधला, 6500 म्हणजे निळसर पांढरा. आपल्या दोन पिढ्या 6500 च्या ट्यूबखाली अभ्यास करून, साबुदाणा निवडून आणि शेजाऱ्यांची पत्रं वाचून मोठ्या झाल्या. त्यांना 2700 चा दिवा लावून दाखवला की सासरे खिडकीपाशी जाऊन समोरच्या बिल्डिंगकडे बघतात. "आपल्याकडेच व्होल्टेज कमी आहे का रे?" त्यावर मुलगा 'वॉर्म' असं काहीतरी सांगतो. सासरे म्हणतात, "वायरमनला बोलाव."

खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत आणखी एक आकडा असतो, सीआरआय. वस्तूंचे रंग त्या उजेडात किती खरे दिसतील याचं हे माप, शंभरपैकी. 80 असेल तर चालतं, 90 च्या पुढे असेल तर मेथीची जुडी ताजी आहे की कालची हे घरातही कळतं. स्वयंपाकघरासाठी उपयोगी असा हा बहुधा एकमेव आकडा, आणि तो विचारणारा ग्राहक मला अजून भेटायचा आहे. ग्राहक विचारतो, मॅट ब्लॅकमध्ये आहे का?

टांगत्या दिव्याचा नीट विचार जगात झालेलाच नाही असं नाही. डेन्मार्कच्या पौल हेनिंगसेनने त्यात अख्खं आयुष्य घातलं. उजेड माणसाला दिसावा आणि बल्ब दिसू नये, एवढाच त्याचा हट्ट. 1958 साली त्याने पीएच 5 हा दिवा केला, अर्ध्या मीटर व्यासाचा. पत्र्याच्या छत्र्या एकाखाली एक अशा बेतून बसवल्या की कुठल्याही बाजूने पाहा, डोळे दिपत नाहीत. जेवणाच्या टेबलावर तो खाली टांगला तरी समोरच्याचा चेहरा धड दिसतो. आपल्या बाजारात त्याची सावत्र भावंडं मिळतात. छत्र्या आहेत, बेत नाही. खालून बल्ब उघडाबोडका. सासूबाईंच्या डोळ्यांत जातो तो हाच.

असो. दिवे लागले, पंखाही लागला. पंखा हवाच, कारण हे कोपनहेगन नाही. तो तीनच्या वेगावर लावला की तिन्ही दिवे संथ लयीत डुलतात आणि त्यांच्याबरोबर ओट्यावरच्या सावल्याही. पाहुण्यांपैकी एकाला परवा बोटीवर असल्यासारखं झालं. बेटाची कल्पना इतकी पुरती साकार झालेली मी पहिल्यांदाच पाहिली. वेताच्या फटीफटीत तोवर फोडणीचं तेल आणि धूळ यांचं लग्न लागलेलं असतं. चिमणी असते गॅसवर. मोहरीचा धूर तिला विचारून जात नाही. मावशींना दिवे पुसायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ताई, मी नाही हात लावणार. पडलं तर माझा पगार जायचा."

तर या बेटावर शिजतं काय? काही नाही. तिथे लॅपटॉप असतो, ऑनलाइन आलेले न उघडलेले खोके असतात आणि एका परडीत ड्रॅगन फ्रूट. स्वयंपाक भिंतीलगतच्या जुन्याच ओट्यावर चालतो. तिथे मावशी उभ्या राहिल्या की तिन्ही दिवे त्यांच्या पाठीमागे येतात आणि त्यांचीच सावली विळीवर पडते. पूर्वी तिथे, डोक्याच्या थोडं पुढे, एक ट्यूब होती. ती काढली, कारण डिझायनर बाईंच्या थ्रीडी चित्रात ती नव्हती. सरकारने 2015 मध्ये सुरू केलेल्या उजाला योजनेतला एलईडी बल्ब तेवढा वाचला. तो संडासात लावला आहे, आणि घरातला सर्वांत लख्ख कोपरा सध्या तोच आहे.

अखेर परवा मावशींनी कांदा चिरताना बोट कापून घेतलं. पट्टी बांधता बांधता त्यांनी पहिल्यांदाच या विषयावर मत दिलं: "ताई, इथं काही दिसत नाही हो." प्रश्न गंभीर असल्यामुळे डिझायनर बाईंना पुन्हा बोलावणं गेलं. त्यांनी ओटा पाहिला, मावशींना तिथे उभं करून सावली पाहिली आणि उपाय काढला. वरच्या कपाटाच्या खाली, भिंतीच्या बाजूने, लांबलचक सरळ पांढरा दिवा. त्याला प्रोफाइल लाइट म्हणतात. आम्ही सगळ्यांनी कॅटलॉगमधलं चित्र पाहिलं. ट्यूबच होती, जरा बारीक झालेली. दर रनिंग फुटावर आहे. ड्रायव्हर वेगळा.