झुरळकाका

मुंबईच्या दिंडोशी उपनगरातल्या गृहनिर्माण सोसायटीत सेक्रेटरी, खजिनदार आणि झुरळकाका अशी तीन पदे असतात. पहिली दोन निवडणुकीने भरायची असतात आणि ती घ्यायला कोणी तयार नसते. तिसऱ्याला निवडणूक लागत नाही. झुरळकाका सहसा साठी ओलांडलेले, बँकेतून, टेलिफोन खात्यातून किंवा मंत्रालयातून निवृत्त झालेले गृहस्थ असतात. हातात टॉर्च घेऊन दुसऱ्याच्या सिंकखाली डोके घालण्याचा हक्क त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेला असतो. त्यांच्या स्वतःच्या घरात झुरळे नसतात. दिसलीच तर ती वरच्यांकडून आलेली असतात.

या पदाला काम कधी कमी पडत नाही, याचे कारण इमारतींच्या रचनेत आहे. दिंडोशीत म्हाडाच्या वसाहती आहेत, 1976च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा आधार घेऊन समाजवादी नेत्या मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झगडून उभी केलेली नागरी निवाऱ्याची हजारो घरे आहेत, आणि आता मधूनमधून टॉवरही उभे राहिले आहेत. तिन्हीकडे मांडणी सारखीच: स्वयंपाकघरावर स्वयंपाकघर, मोरीवर मोरी, आणि सगळ्यांना तळापासून गच्चीपर्यंत जोडणारा सांडपाण्याच्या पाइपांचा डक्ट. लिफ्ट अधूनमधून बंद पडते, डक्ट चोवीस तास चालू असतो. तिसऱ्या मजल्यावर फवारणी झाली की तिथली काही मंडळी चौथ्यावर मुक्कामाला जातात, चौथ्याने फवारले की पाचव्यावर. म्हणजे ‘वरच्यांकडून आली’ आणि ‘खालच्यांकडून आली’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. काकांना हे मान्य नसते. त्यांच्या नकाशात वरचे घर दोषी, खालचे घर दोषी आणि मधले एक घर निर्दोष असते. ते कोणाचे, हे विचारायची गरज पडत नाही.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आरे लागूनच असल्यामुळे या भागात बिबट्या अधूनमधून दर्शन देतो. तो दिसला की सीसीटीव्हीची क्लिप पाच मिनिटांत सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर येते आणि पुण्याच्या नातेवाइकांनाही अभिमानाने पाठवली जाते. झुरळाची क्लिप कोणी पाठवत नाही. पाहुण्यांदेखत ते ओट्यावर आले, तर यजमानीण ‘अगंबाई, हे कुठून आलं!’ असे अशा सुरात म्हणते की ते घराच्या इतिहासातले पहिलेच वाटावे. झुरळकाकांचे सारे महत्त्व या लाजेवर उभे आहे. पेस्ट कंट्रोलवाल्याला उघडपणे बोलावणे लोकांना नको असते. तो पाठीला पंप लावून गेटातून शिरला की कोणत्या घरात काय चालले आहे ते वॉचमनपासून सगळ्यांना कळते. त्यापेक्षा काकांना जिन्यात गाठून हळूच विचारलेले बरे. काका मात्र उत्तर हळू देत नाहीत.

काकांचे ज्ञान खोटे नसते, अर्धे असते. झुरळाचे डोके तोडले तरी धड काही दिवस जगते, हे ते वार्षिक सर्वसाधारण सभेत, विषयपत्रिकेत नसताना सांगतात आणि ते खरे आहे. झुरळ नाकाने नव्हे, अंगावरच्या छिद्रांनी श्वास घेते. पण दिंडोशीच्या घरात झुरळांच्या प्रामुख्याने दोन जाती असतात आणि काकांचे वैर चुकीच्या जातीशी असते. मोठे, तांबूस, दीड इंचाचे झुरळ गटारात आणि ड्रेनेजच्या चेंबरमध्ये राहते. पावसाळ्यात चेंबर भरले की ते मोरीची जाळी सारून वर येते, आणि प्रसंगी उडते. कार्ल लिनियसने 1758मध्ये त्याला अमेरिकन ठरवले, तरी त्याचे मूळ आफ्रिकेकडचे. लहान झुरळ जेमतेम अर्ध्या इंचाचे, फिकट तपकिरी, मानेमागे दोन गडद पट्टे असलेले. याला जर्मन म्हणतात. मोठे झुरळ हा वाट चुकलेला पाहुणा आहे, लहान झुरळ घरजावई. मिक्सरच्या बुडाशी, फ्रिजच्या मोटरच्या उबेला, ट्रॉलीच्या बिजागरीत आणि गॅसच्या शेगडीखाली ते संसार थाटते. मादी तीस-चाळीस अंड्यांची पेटी पिल्ले बाहेर पडायच्या बेतात येईपर्यंत अंगाला लावून फिरते आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः संसाराला लागतात. काका रात्री दोन वाजता स्लिपर उगारून एका मोठ्या झुरळामागे दिवाणखानाभर धावत असतात, तेव्हा मिक्सरखाली बारसे चाललेले असते. मोठे झुरळ मेल्यावर काका ते सकाळपर्यंत तसेच ठेवतात. दाखवायला पुरावा हवा असतो.

झुरळे बाहेरून आली, यावर काकांचा गाढ विश्वास असतो. कधी ती भाडेकरूंच्या सामानातून येतात, कधी ऑनलाइन मागवलेल्या खोक्यांतून, कधी कोपऱ्यावरच्या हॉटेलातून. यात तथ्य आहेच. लहान झुरळ खोक्यांतून आणि किराण्याच्या पिशव्यांतून खरोखर प्रवास करते. पण 2024मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार हे तथाकथित जर्मन झुरळ सुमारे 2,100 वर्षांपूर्वी बंगालच्या उपसागराभोवतालच्या प्रदेशात, आशियाई झुरळापासून वेगळे झाले आणि व्यापारी वाटांनी नंतर पश्चिमेकडे गेले. युरोपात पोचायला त्याला बरीच शतके लागली. उपनगराच्या राजकारणात भूमिपुत्र कोण, यावर पुष्कळ बोलले जाते. या प्रकरणात तो दावा झुरळाने जिंकलेला आहे.

काकांच्या शस्त्रागाराचा इतिहास उपायांपेक्षा उत्साहाचा आहे. सुरुवात डांबरगोळ्यांपासून होते. त्या सिंकच्या जाळीवर पडतात आणि भांड्यांना वास लागतो. मग कोणी फॉरवर्ड केले म्हणून तमालपत्र, लवंगा आणि काकडीच्या साली. त्यांनी झुरळे जात नाहीत, डाळीला मात्र चव येते. मग खडू, ज्याला घरोघरी लक्ष्मणरेषाच म्हणतात. त्यातले कीटकनाशक कोरड्या जागी काम करते. काका रेघ ओट्याच्या कडेला मारतात, जिथून दिवसातून दहा वेळा ओले फडके फिरते. बोरिक पावडर, कणीक आणि साखरेच्या गोळ्या हा त्या मानाने गुणी उपाय. झुरळ ती खाते किंवा पायाला लागलेली पावडर चाटते आणि काही दिवसांनी मरते. या ‘काही दिवसांनी’लाच काकांचा आक्षेप असतो. शिवाय गोळ्या फटींत न ठेवता ते जमिनीवर उघड्यावर मांडतात. घरात रांगते मूल असले तर ही मांडणी झुरळापेक्षा त्याला घातक. साखरेचेही काकांना एक कळत नाही. 2013मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की काही लहान झुरळांच्या पिढ्यांना ग्लुकोज कडू लागू लागले आहे, कारण गोड विष खाणारे पूर्वज मेले आणि नाक मुरडणारे उरले. काकांना स्वतःला मधुमेह आहे, डॉक्टरांनी वारंवार बजावले आहे, आणि जिलबी सुटलेली नाही. पथ्याच्या बाबतीत झुरळ पुढे गेले आहे.

सर्वांत लाडके शस्त्र म्हणजे झुरळांसाठीचा लाल डबा. तो फवारताना आवाज होतो, वास येतो, आणि समोरचे एक झुरळ उलटे पडून पाय झाडते. निकाल डोळ्यांना दिसतो म्हणून काकांची त्यावर भक्ती. जे फटीत आहेत त्यांच्यापर्यंत फवारा क्वचितच पोचतो. डब्यातला वायू पेट घेणारा असतो, ही सूचना बारीक अक्षरात छापलेली असते आणि काकांचा चष्मा नेमका आतल्या खोलीत असतो. दूध गॅसवर असतानाच त्यांना शत्रू दिसतो. अशा वेळी न बोलता पुढे होऊन शेगडी बंद करणारी व्यक्ती म्हणजे काकू.

काकूंना झुरळतज्ज्ञ म्हणून सोसायटीत कोणी ओळखत नाही. त्या रात्री भांडी घासून टाकतात, खरकटे आणि कचऱ्याचा डबा दाराबाहेर ठेवतात, सिंक पुसून कोरडे करतात, फडके पिळून गॅलरीत वाळत घालतात आणि मोरीच्या जाळीवर उलटा तांब्या झाकतात. लहान झुरळ खाण्याशिवाय काही आठवडे काढू शकते, पाण्याशिवाय जेमतेम दोन. म्हणजे त्या घरातले खरे झुरळनियंत्रण रात्री साडेदहाला, टीव्हीवर मालिका चालू असताना होते. त्यांना हात घालता येत नाही अशी एकच जागा म्हणजे माळा. तिथे काकांनी टीव्हीचे, मिक्सरचे आणि मुदत उलटलेल्या वॉरंटीच्या प्रत्येक वस्तूचे खोके जपलेले असते, ‘लागेल कधीतरी’ म्हणून. पुठ्ठ्याच्या नळ्यानळ्यांत झुरळाला अंधार मिळतो, ऊब मिळते आणि खायला डिंक मिळतो. वरच्यांकडून येतात हे काकांचे म्हणणे अशा रीतीने सिद्ध होते, फक्त वरचे म्हणजे माळ्यावरचे.

हा विषय थट्टेचाच नाही. झुरळांची विष्ठा आणि टाकलेली कात यांच्या धुळीने ॲलर्जी होते आणि मुलांचा दमा बळावतो; गटारातून ओट्यावर येणारे पाय रोगजंतूही आणतात. त्यामुळे नातवाला रात्री खोकल्याची उबळ येऊ लागली की सूनबाई सूत्रे हाती घेतात आणि पेस्ट कंट्रोलवाला एकदाचा बोलावला जातो.

पंचवीस वर्षांपूर्वी त्याच्या येण्याआधी अख्खे स्वयंपाकघर हॉलमध्ये मांडावे लागे आणि घरचे लोक दिवसभर नातेवाइकांकडे जात. आता तो खिशातून एक पिचकारी काढतो आणि बिजागऱ्यांत, फटींत, ट्रॉलीच्या कोपऱ्यांत मसुरीच्या दाण्याएवढे जेलचे ठिपके लावून वीस मिनिटांत निघतो. जेलमध्ये फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडसारखे औषध असते. झुरळ ते खाऊन बिळात परत जाते आणि तिथे मरते. इतर झुरळे त्याची विष्ठा आणि मढे खातात आणि त्यांनाही विष लागते. या कामाला आठवडा-दोन आठवडे लागतात. काकांना ना आवाज ऐकू येतो, ना वास येतो, ना पाय झाडणारे कोणी दिसते. ‘एवढ्या टिकल्यांचे एवढे पैसे?’ असे ते पहिल्या दिवशी म्हणतात. तिसऱ्या दिवशी भर दुपारी एक अर्धमेले झुरळ ओट्यावर झोकांड्या खात येते. जेल लागू पडल्याचे ते लक्षण असते, पण काका त्यावरून औषध बनावट ठरवतात, लाल डबा काढतात आणि प्रत्येक ठिपक्यावर फवारून मोकळे होतात. फवाऱ्याच्या वासाने झुरळे जेलपासून दूर राहतात, फटी सोडतात आणि डक्टमार्गे चौथ्या मजल्यावर जातात. तिथल्या वहिनी दुसऱ्या दिवशी जिन्यात काकांना गाठून हळूच सल्ला विचारतात.

एका लाइनीतल्या सगळ्या घरांनी एकाच दिवशी जेल लावून घेणे आणि डक्टच्या फटी सिमेंटने बुजवणे, एवढाच ठराव सोसायटीने केला तरी पुष्कळ फरक पडतो. जेल लावल्यावर निदान पंधरा दिवस लाल डबा कपाटात कुलपात ठेवावा आणि किल्ली काकूंकडे द्यावी.