एक फुल, दोन हाफ

आमच्या घराण्यात आजवर कोणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही. शहाणपण म्हणून नव्हे, भिऊन. समोरचा पायरी चढायला निघाला की आम्ही खालूनच तडजोड करून घरी यायचो. वडिलांनी बांधाच्या भांडणात दीड गुंठा असाच सोडून दिला. त्यामुळे बारावीत असताना कन्येनं एका रात्री जेवता जेवता "मी लॉ करणार" असं सांगितलं, तेव्हा सगळ्यात आधी आई बोलली. "बरं झालं. तो दीड गुंठा आधी परत आण."

मी साताऱ्यात एका सहकारी बँकेत आहे. आनंद असो की संकट, माझा हात वहीकडे जातो. दोनशे पानी वही आणली, तीन रकाने आखले: खर्च, शिष्यवृत्ती, ठिकाण. पहिला रकाना भराभर भरत गेला. दुसरा कोराच राहिला. आणि तिसऱ्यात घरातल्या प्रत्येकानं माझ्या हातातून पेन ओढून घेऊन काहीतरी लिहिलं.

ठिकाण म्हणजे मुलीला जिथं शिकायचंय ती जागा, असं मला वाटत होतं. आमच्या घरात ठिकाण म्हणजे जिथं आपलं माणूस आहे ती जागा. बायकोचा जोर नागपूरवर, कारण तिथं तिची मावशी. नागपूरचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ वारंग्याला, शहराबाहेर वर्धा रस्त्याकडं. मावशी राहते मानकापूरला, म्हणजे शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. "असू दे," बायको म्हणाली, "गाव तर एकच ना." आईची अट आणखी सोपी होती. सकाळी डबा घेऊन निघालं की संध्याकाळी दिवेलागणीला परत घरी येता आलं पाहिजे. या अटीत कोल्हापूर बसत होतं, पुणे बसत होतं, आणि गावातलं कॉलेज तर दोनदा बसत होतं.

ही राष्ट्रीय विधी विद्यापीठं गावाबाहेर का असतात, हे मला अजून उमगलेलं नाही. बंगळूरचं नागरभावीला, हैदराबादचं शामीरपेटला, रायपूरचं तर जुन्या रायपुरात नाहीच, नव्यात. पूर्वी मुलं विद्येसाठी अरण्यात जात तसा काहीतरी विचार असावा. मुंबईला अरण्य मिळालं नाही म्हणून त्यांनी पवईत बस्तान मांडलं. न्याय सामान्य माणसापासून लांब आहे असं म्हणतात. त्याची सवय विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासूनच लावत असतील.

या विद्यापीठांची वाट क्लॅट नावाच्या प्रवेशपरीक्षेतून जाते. नुसत्या अर्जाचे ४,००० रुपये. १२० प्रश्न, दोन तास, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. हे ऐकल्यावर माझ्या मनात आलं की ही पद्धत आमच्या सासुरवाडीच्या बैठकीला लावायला हवी. मेव्हण्यांचे गुण अर्ध्या तासात उणेत गेले असते. राज्याच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे सीईटीत, मात्र चुकीला दंड नाही. त्यामुळे मेव्हणे सीईटीच्या बाजूचे. "दाजी, ठोकून द्यायचं. लागलं तर लागलं." ते आयुष्यभर असंच करत आलेत, आणि माझ्यापेक्षा मोठ्या घरात राहतात.

दुसऱ्या रकान्याची म्हणजे शिष्यवृत्तीची सुरुवात फोननं झाली. एका खासगी विद्यापीठातून एक गोड आवाज रोज दुपारी यायला लागला. कन्येला म्हणे पन्नास टक्के शिष्यवृत्ती मंजूर झाली होती. तिनं अर्जही केला नव्हता, पण गुणवत्ता लपत नाही. मी भारावून जाऊन बायकोला सांगितलं. बायकोनं फीचा कागद मागवला. तिनं लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या सेलमध्ये उमेदवारी केलेली आहे. दोन मिनिटांत कागद खाली ठेवला.

"अहो, आधी किंमत वाढवलीय, मग निम्मी केलीय."

शिष्यवृत्ती होती फक्त शिकवणी शुल्कावर. विकास निधी, ग्रंथालय, वसतिगृह, मेस आणि 'इतर' यांना ती शिवतही नव्हती, आणि 'इतर' हा आकडा सगळ्यात धष्टपुष्ट होता. शिवाय दर वर्षी ठरावीक गुण टिकवले नाहीत तर सवलत बंद. गोड आवाजाला हे विचारलं, तर तो म्हणाला, "सर, आज रात्री बारापर्यंत बुकिंग केलंत तर साठ टक्के करून देऊ." शिष्यवृत्तीत घासाघीस होते हे मला ठाऊक नव्हतं. बायकोनं फोन घेतला आणि सत्तर मागितले. पलीकडं थोडी शांतता पसरली, मग म्हणाले वरिष्ठांना विचारून सांगतो. तेव्हा तिनं समाधानानं फोन ठेवला. घ्यायचं नव्हतंच, पण दर कळला.

मग आम्ही सरकारकडं वळलो. २०२४ पासून राज्यानं व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलंय. आमचा प्रवर्ग त्यात बसत होता. अट एकच, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत. मी उत्साहानं फॉर्म सोळा काढला. उत्पन्न निघालं ८ लाख ११ हजार ४००.

हे ११ हजार कुठून आले, ते मला चांगलं ठाऊक होतं. आदल्या वर्षी मला शाखाधिकारी केलं, त्याची ती पगारवाढ. सगळ्या शाखेत मी स्वतः कंदी पेढे वाटले होते. आता हिशेब असा झाला की पेढ्याचा खर्च वेगळा आणि मुलीची पाच वर्षांची फी वेगळी. त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा मला माझा पगार जास्त वाटला. बायकोला तर आमच्या लग्नाला वीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच वाटला. ती त्या कागदाकडं बराच वेळ बघत राहिली.

मेव्हणे धावून आले. "दाजी, दाखल्याचं मी बघतो. आपला माणूस आहे. साडेसात लाखांवर आणून ठेवतो."

कन्या पलीकडं भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मामा, खोट्या पुराव्याचं कलम पूर्वी १९३ होतं. आता न्याय संहितेत २२९ आहे. नवं पाठ करा, उपयोगी पडेल."

मेव्हण्यांनी चहा अर्धवट टाकला. प्रवेशाआधीच घरात वकील आला होता आणि त्याची पहिली केस आमच्याविरुद्ध होती.

मेव्हणे असे सहजासहजी हार मानत नाहीत. पुढच्या रविवारी ते गांधीजींना घेऊन आले. "मोठी माणसं खर्चाचा विचार करत बसली का? गांधीजी गेलेच ना विलायतेला?" कन्येनं आत्मकथा वाचलेली, मामांनी फक्त नोट पाहिलेली. तिनं सांगितलं, तीन वर्षांचा खर्च चार-पाच हजार येईल असा अंदाज त्यांच्या घरी कोणीतरी बांधला होता. शिष्यवृत्तीसाठी ते पोरबंदरच्या साहेबाकडं गेले, तर त्यानं आधी बी. ए. हो म्हणून वाटेला लावलं. मग बायकोचे दागिने मोडण्यापर्यंत विचार गेला. हे वाक्य ऐकताच आमच्या सौभाग्यवतींनी उगाचच हात पदराखाली घेतला.

पण मला खरी गंमत वाटली ती जेवणांची. त्या काळी लंडनला बॅरिस्टर व्हायचं तर परीक्षेइतकंच महत्त्व जेवणांना. बारा सत्रं, दर सत्राला निदान सहा वेळा 'इन'च्या, म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्थेच्या, पंगतीला हजेरी. म्हणजे बहात्तर जेवणं जेवल्याशिवाय सनद नाही. चौघांच्या गटाला दोन बाटल्या दारू मिळे आणि गांधीजी पीत नसत. म्हणून आपल्या टेबलावर यांनीच बसावं यासाठी मुलांत चढाओढ. मी वहीत मेसचा आकडा पुन्हा पाहिला. वर्षाचे साठ हजार. बहात्तर जेवणांत भागत असेल तर इतके कशाला?

"आणि बाबासाहेब?" मामा म्हणाले. "त्यांना तर महाराजांनीच पाठवलं की."

कन्येनं भाजीचं ताट बाजूला ठेवलं. १९१३ मध्ये सयाजीरावांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. करार होता की परत आल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानची नोकरी करायची. "करार पाळायची त्यांची तयारी होती, मामा. १९१७ ला ते बडोद्याला नोकरीवर गेले. पण अख्ख्या बडोद्यात राहायला खोली मिळेना. पारशी खानावळीत उतरले, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं." थोडं थांबून ती म्हणाली, "बाबांच्या वहीतला तिसरा रकाना तेव्हाही होता. फक्त तो दुसऱ्यांनी भरला होता."

कोणी काही बोललं नाही. आईनं देवापुढची वात सारखी केली.

मे महिन्यात क्लॅटच्या गुणांवर एक जागा मिळाली. राष्ट्रीय विद्यापीठ, पण दोन गाड्या बदलून जाण्याच्या अंतरावर. फी, वसतिगृह, मेस धरून वर्षाला तीन लाख, पाच वर्षांचे पंधरा. पैसे आठवड्यात भरायचे. राज्याच्या सीईटीची यादी पुढं दोन-तीन महिन्यांनी. म्हणजे हातातलं ठेवायचं की पळत्याच्या मागं लागायचं, हे पळतं दिसण्याआधीच ठरवायचं. ही व्यवस्था ज्यानं बसवली त्याला सासुरवास झालेला असावा.

मी कर्ज काढायला तयार होतो. कर्ज देणं हा माझा धंदा आहे, घेणं जड जाणार नाही अशी समजूत होती. मेव्हणे म्हणाले, "घ्या. पुढं कंपनीत लागली की एका वर्षात फेडेल."

"पण मला कंपनीत नाही जायचं," कन्या म्हणाली. "मला कोर्टात उभं राहायचंय."

मग तिनं माझी वही मागितली आणि मागच्या पानावर स्वतःचे दोन रकाने आखले. पंधरा लाख, दहा टक्के, दहा वर्षं. "बाबा, हप्ता सांगा." बँकेत ज्या प्रश्नाला मी जांभई देत उत्तर देतो, त्याला घरी घसा कोरडा पडला. १९,८२३. तिनं तो आकडा लिहिला आणि शेजारी २०,००० लिहिले. शहरात नव्या ज्युनिअरला महिन्याला निदान एवढे तरी द्यावेत, अशी बार कौन्सिलनं २०२४ मध्ये शिफारस केलीय. "शिफारस म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहेच. पण समजा, मिळाले." तिनं वजाबाकी केली.

उरले १७७.

"एवढ्यात मी महिनाभर चहा पिऊन केस लढायची. नाहीतर कंपनीत जायचं. म्हणजे कॉलेज मी निवडायचं आणि नोकरी हप्त्यानं." तिनं वही मिटून माझ्यापुढं सरकवली. बावीस वर्षं मी लोकांना कर्जाचे फायदे समजावतोय. त्या रात्री माझ्याकडं एकही निघाला नाही.

जागा सोडली. पुढचे अडीच महिने घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. आईनं औदुंबराला फेऱ्या सुरू केल्या. मी मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजची आशा धरून होतो. १८५५ सालचं, चर्चगेटला, फी काही हजारांत, आणि बाबासाहेब तिथं १९३५ मध्ये प्राचार्य झाले होते. पण चर्चगेटच्या आसपास कॉटभर जागेचं भाडं ऐकलं आणि लक्षात आलं की तिथं फी कॉलेज घेत नाही, घरमालक घेतो. शेवटी दुसऱ्या फेरीत पुण्याचं आयएलएस लागलं. १९२४ सालचं कॉलेज. गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड असे दोन सरन्यायाधीश तिथूनच गेले. मागं टेकडी, जिल्हा न्यायालय शिवाजीनगरला. कन्येला न्यायालय आवडलं, बायकोला टेकडी. मला फी. आईला तर सगळंच आवडलं, कारण दिवेलागणीच्या आत घरी येता येत होतं.

प्रवेश घ्यायला आम्ही चौघं साताऱ्याच्या स्टँडवरून स्वारगेटच्या एसटीत बसलो. मांडीवर कागदांची फाईल, आईच्या मांडीवर डबा. खंबाटकी घाटाच्या अलीकडं कंडक्टर आले. आईनं आधार कार्ड काढलं. पंचाहत्तर पूर्ण, तिकीट शून्य.

"शंभर टक्के शिष्यवृत्ती," कन्या हळूच म्हणाली.

बायको आणि कन्या, महिला, निम्मं तिकीट. साड्यांच्या सेलचा अनुभव असूनही बायकोनं इथं मूळ किंमत तपासली नाही. मग कंडक्टर माझ्याकडं वळले.

"तुम्हाला काही सवलत?"

मी मान हलवली आणि पाकीट काढायला लागलो. खिडकीकडून आई त्यांना समजुतीच्या स्वरात म्हणाली, "त्याचं उत्पन्न बसत नाही हो."