अनधिकृत पोळ्यावर तोडक कारवाई कशी करावी

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या रुळाला लागली की पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी. कल्याण-डोंबिवली महापालिका या पट्ट्यात संपते, उल्हासनगर महापालिका सुरू होते आणि मधून रेल्वे आपली स्वतंत्र जमीन घेऊन जाते. त्यामुळे अमुक बांधकाम कुणाच्या हद्दीत, हा वाद इथे पिढीजात आहे. शेजारच्या उल्हासनगरातली अनधिकृत बांधकामं नियमित करायला तर 2006 साली वेगळा कायदा करावा लागला. त्या कायद्याने गांधीलमाशीला काहीही दिलं नाही. तिसऱ्या मजल्याच्या बॉक्स ग्रिलला, एसीच्या बाहेरच्या डब्यामागे किंवा जिन्याच्या खिडकीवरच्या छज्ज्याखाली लोंबणारं तिचं पोळं आजही बेकायदाच आहे, आणि ते पाडायचं काम सोसायटीच्या सभासदाकडे येतं. प्रस्तुत मार्गदर्शन त्याच्यासाठी.

कारवाई पंचनाम्याने सुरू होते. बहुतेक कर्ते पुरुष आधी झाडू उचलतात आणि पोळं कुणाचं ते नंतर, पळताना बघतात. हा क्रम उलटा करावा.

पाण्याच्या टाकीच्या बुडाला किंवा उंच इमारतीच्या कठड्याला एकच भलंमोठं पोळं लटकलेलं असेल आणि त्यावर माश्यांचा काळपट थर सरसरत असेल, तर ते आग्या मोहोळ. इथे सभासदाचे अधिकार संपतात. झाडू खाली ठेवावा, खिडक्या लावून घ्याव्यात आणि मोहोळं उतरवणाऱ्या जाणकाराला गाठावं. मधमाशी डंख मारते तेव्हा जे द्रव्य सुटतं त्याला पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो. बाकीच्या माश्यांना तो वास म्हणजे हल्ल्याचा भोंगा. म्हणून पहिल्या डंखावर हात झटकत तिथेच नाचणारा माणूस पुढच्या पन्नास माश्यांना पत्ता कळवत असतो. पुण्यात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे, यावरून मधमाशी हा हौशी लोकांचा विषय नाही एवढं सभासदाने ओळखावं. शिवाय आग्या माश्या हंगाम बदलला की पोळं सोडून आपणहून स्थलांतर करतात. एवढ्या समजूतदारपणे जागा सोडणारा रहिवासी कल्याण तालुक्यात दुसरा नसेल.

ग्रिलवर मातीचं गोळीएवढं मडकं चिकटलेलं दिसलं, अगदी गळा आणि काठासकट, तर ती कुंभारीण. दाराच्या किल्लीचं भोक, न वापरलेला प्लगपॉइंट, बंद घरातल्या टेबलफॅनची मागची बाजू या तिच्या आणि तिच्या चिखल लिंपणाऱ्या भाऊबंदांच्या आवडीच्या जागा. गणपतीला कोकणात जाऊन दहा दिवसांनी परतलेल्या कुटुंबाला कुलपात किल्ली जात नाही, तेव्हा चोरापेक्षा हिचा संशय आधी घ्यावा. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या विमानतळावर याच जातकुळीतल्या एका माशीने उभ्या विमानांच्या वेग मोजणाऱ्या नळ्या लिंपायला घेतल्या. 2013 मध्ये एका विमानाला उड्डाणानंतर परत फिरावं लागलं. विठ्ठलवाडीतलं नुकसान त्या मानाने एका प्लगचं असतं.

पण ही बाई एकटी राहते, पोळ्यासाठी टोळीने भांडत नाही, आणि मुद्दाम पकडल्याशिवाय सहसा डंखही मारत नाही. तोंडात धरून आणलेला चिखल पायांनी फिरवत, तोंडाने दाबत ती मडक्याचा काठ बाहेर वळवते, ते दोन फुटांवरून बघता येतं. वालधुनी नदीचं पाणी वर्षानुवर्षं प्रदूषणाच्या बातम्यांत असताना त्या काठच्या चिखलातून कुणी इतकी सुबक वस्तू घडवत असेल, तर तिच्या कलेपेक्षा प्रकृतीचं कौतुक वाटावं. मडक्यात ती अळी आणून ठेवते. जुन्या समजुतीप्रमाणे ही अळी कुंभारणीच्या गुणगुणण्याने, तिच्याच ध्यासाने अखेर कुंभारीण होते. संतवाङ्मयातला कीटक-भ्रमराचा दृष्टान्त तो हाच. प्रत्यक्षात अळी डंखाने लुळी झालेली पण जिवंत असते आणि कुंभारणीचं पिल्लू तिला ताजी ताजी खातं. ध्यास एकाच बाजूने असतो. पिल्लू बाहेर पडलं की मडक्याला भोक दिसतं. मग ते नखाने खरवडलं तरी चालतं. कारवाई संपली.

राहता राहिली ती खरी आरोपी. उघड्या षटकोनी खणांचं, राखाडी कागदासारखं, एका बारीक देठावर टांगलेलं पोळं असेल तर ती गांधीलमाशी. अंगावर गांधी उठवणारी ती ही; तिच्या नावावरचे बाकीचे विनोद सगळ्यांचे करून झालेले आहेत. राखाडी कागदासारखं म्हणजे खरोखर कागदच. न रंगवलेल्या, उन्हापावसाने झिजलेल्या लाकडाचे तंतू जबड्याने खरवडून, थुंकीत मळून ती तो करते. फ्रान्समध्ये रेओम्यूर या निसर्गअभ्यासकाने 1719 साली हे बघून लाकडापासून कागद करता येईल असं सुचवलं, तेव्हा युरोपातला कागद चिंध्यांचा होता. उल्हासनगरचा फर्निचर बाजार जवळच असल्याने आणि कोणत्या ना कोणत्या इमारतीला रंगकामाची परांची बांधलेली असल्याने या भागात तिला कच्च्या मालाची ददात नाही. मुंग्या वर चढू नयेत म्हणून देठाला ती एक स्राव फासते. इतकी काळजी बिल्डर घेत नाही.

इथे सोसायटीच्या मीटिंगमध्ये हमखास एक सूचना येते: ‘राणीला मारा, बाकीच्या जातील.’ ती फेटाळावी. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या रोपालिडिया मार्जिनाटा या गांधिलीवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक वर्षं काम केलं. या जातीची राणी अगदी मवाळ असते, कुणावर गुरगुरत नाही, बघणाऱ्याला ओळखूही येत नाही. तिला उचललं की कामकरी माश्यांतली एक अचानक भयंकर आक्रमक होते, सगळ्यांना दमात घेते, थोड्या दिवसांत अंडी घालू लागते आणि मग तीही मवाळ होते. म्हणजे शांत अध्यक्षा काढून काही दिवस तापट सेक्रेटरी पदरात घ्यायची, एवढाच फायदा. ज्यांच्या सोसायटीत निवडणूक झाली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

साधनांविषयी. झाडूच्या दांड्याला रॉकेलचा बोळा बांधून पेटवणं आणि दुसऱ्या हाताने फवारा मारणं हा प्रकार लोकप्रिय आहे. फवाऱ्याच्या डब्यातला वायू पेट घेतो, त्यामुळे माश्यांसोबत वाळत घातलेली चादर आणि भुवयाही जातात. दुपारची वेळ तशीच वाईट, कारण निम्म्या माश्या बाहेर असतात. संध्याकाळी परत येऊन त्या जागा शोधतात आणि समोर जो दिसेल त्याला विचारतात. अंधार पडल्यावर सगळ्या पोळ्यावर बसतात, थंडावतात. त्यांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही, म्हणून टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावावा. पूर्ण बाहीचे कपडे, डोक्याला ओढणी, मागे मोकळी वाट. शिडीवर चढलेला माणूस हा पळू न शकणारा माणूस असतो, तेव्हा पोळं उंचावर असेल तर कीटकनियंत्रणवाल्याला बोलवावं. आणि पोळं अजून रुपयाएवढं, त्यावर दोन-तीन माश्या असतील, तर हा सगळा लवाजमा नको. लांब दांड्याचा झाडू आणि एक फटका पुरतो. पंचनामा वेळेवर करण्याचा मुद्दा तो.

इतकं करून डंख बसलाच, तर घरात तीन पंथ उभे राहतात: लोखंड घासणारे, चुना लावणारे आणि कांदा चोळणारे. तिघांनाही बाजूला करून जागा धुवावी आणि बर्फ लावावा. मधमाशी काटा मागे ठेवून जाते. तो नखाने काढा की कार्डाने, पण लगेच काढा. गांधील काटा ठेवत नाही. तिची नांगी त्वचेत अडकून राहत नाही आणि ती पुन्हा पुन्हा वापरता येते. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली किंवा बरेच डंख बसले, तर विनोद तिथेच थांबवून रुग्णालय गाठावं. अशा वेळी ॲड्रेनालिनचं इंजेक्शन जीव वाचवतं, आणि त्याला उशीर परवडत नाही.

पोळं काढल्यावर देठाची जागा खरवडून घ्यावी, ग्रिलला रंग मारावा. तरीही दोन-चार दिवस माश्या त्या रिकाम्या जागेवर येऊन घुटमळतात. सेक्रेटरी मग तळमजल्यावर नोटीस लावतात: ‘इमारतीतील सर्व पोळी सात दिवसांत हटविण्यात यावीत.’ नोटीसबोर्डाची चौकट जुन्या सागाची, पॉलिश कधीच गेलेलं. सकाळी दहाच्या उन्हात एक गांधील तिच्यावर येऊन बसते, मागे मागे सरकत लाकडाची एक बारीक पट्टी सोलते, तिची गोळी करून तोंडात धरते आणि दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्याकडे निघून जाते.